बुडविलेल्या जहाजाची पूर्वतयारी

१३ एप्रिल २०११ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या अव्होका किनाऱ्यावर हजारो नागरिक समुद्राकडे दृष्टी लावून उभे होते. किनाऱ्यापासून दोन किलोमीटरांहूनही कमी अंतरावर 'अ‍ॅडलेड' ही १३८ मीटर लांबीची फ्रिगेट जातीची युद्धनौका नांगरून ठेवण्यात आली होती. तिच्या पोटात सुरुंग बसविलेले होते. ठरलेली वेळ झाली, परंतु त्याच सुमारास डॉल्फिनांचा एक कळप नौकेच्या आसपास येऊन पोहत राहिला आणि तो दूर जाईपर्यंत सारे काम थांबविण्यात आले. नंतर सुरुंग उडाले, धुराचे लोट उठले आणि दोन मिनिटांच्या आत ती अवाढव्य नौका सुमारे ३२ मीटर खोल पाण्यात सरळ उभी अशी तळाला टेकली.

दोन मिनिटांत संपलेल्या या प्रसंगाची तयारी तीन वर्षे चालली होती. जुने जहाज समुद्रात बुडवावे, त्यावर सागरी जीवांनी वस्ती करावी आणि पाणबुड्यांनी ते पाहण्यासाठी पाण्यात उतरावे, ही कल्पना ऐकणाऱ्यास सोपी वाटते. तिचे यशापयश मात्र जहाज पाण्यावर असतानाच ठरते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आता असाच एक प्रकल्प हाती घेण्यात आल्याने हा विषय आपल्याकडील किनारी गावांच्या विचारात येणे स्वाभाविक आहे.

जुन्या जहाजाचे काय करावे?

सेवानिवृत्त झालेल्या युद्धनौकेपुढे फारसे मार्ग नसतात. क्वचित एखादी संग्रहालय म्हणून जतन होते; बहुतेक मोडीत निघतात. भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि अखेर २०१४ मध्ये दारूखान्यात तिची मोडणी सुरू झाली. नौका मोडणे हेही धोक्याचे काम आहे. जुन्या नौकांमध्ये उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असते. याच कारणावरून वाद होऊन फ्रान्सची 'क्लेमेन्सो' ही विमानवाहू नौका २००६ मध्ये गुजरातेतील अलंगच्या वाटेवरून परत बोलावण्यात आली.

तिसरा मार्ग म्हणजे नौका स्वच्छ करून योग्य जागी बुडविणे. वाळूच्या सपाट तळावर अनेक सागरी जीवांना चिकटण्यास किंवा लपण्यास आधार नसतो. तेथे पोलादाचा एक मोठा सांगाडा उभा राहिला, तर तो कृत्रिम खडकाचे काम करतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कॉर्नवॉलजवळ 'सिला' ही निवृत्त फ्रिगेट २७ मार्च २००४ रोजी अशा रीतीने बुडविण्यात आली आणि सागरी जीवशास्त्रज्ञांनी तिच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. पहिल्या पाच वर्षांत तिच्यावर अडीचशेहून अधिक प्रकारच्या जीवांची नोंद झाली. आरंभी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर पत्र्यावर बसतो, त्यावर कवचधारी आणि नळीत राहणारे कृमी चिकटतात, मग स्पंज व मृदू प्रवाळ येतात. माशांना मात्र इतका धीर नसतो; आडोसा दिसताच ते काही दिवसांतच येऊ लागतात.

यावरून 'मासे वाढले' असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि आजूबाजूच्या समुद्रातील मासे एका ठिकाणी गोळा होणे वेगळे आणि माशांची एकूण संख्या वाढणे वेगळे. याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. मासे केवळ एकत्र जमत असतील आणि तेथेच जाळी पडू लागली, तर अशा जागेमुळे मत्स्यधनाची हानीही होऊ शकते. म्हणून मत्स्योत्पादन वाढेल असे आश्वासन मच्छीमारांना देताना अधिकाऱ्यांनी सबुरी बाळगलेली बरी.

अव्होकाच्या रहिवाशांची हरकत

'अ‍ॅडलेड' १९८० मध्ये नौदलात दाखल झाली आणि जानेवारी २००८ मध्ये निवृत्त झाली. जानेवारी १९९७ मध्ये दक्षिण महासागरात उलटलेल्या शिडाच्या होडीत अडकून पडलेले ब्रिटिश नाविक टोनी बुलिमोर यांची सुटका तिनेच केली होती. अशी नौका आपल्या गावाजवळ येणार, तिच्यामुळे पाणबुडे येणार, पर्यटकांची वर्दळ वाढणार, याचे अनेकांनी स्वागत केले. २७ मार्च २०१० ही बुडविण्याची तारीखही निश्चित झाली.

याच वेळी किनाऱ्यावरील काही रहिवाशांनी एकत्र येऊन हरकत घेतली. नौकेवर शिशाचा तांबडा रंग आहे, तो सुटून पाण्यात मिसळेल. विजेच्या तारांच्या वेष्टनात पीसीबी नावाची घातक रसायने असतील. शिवाय इतके मोठे धूड जवळ बसल्याने लाटा व वाळू यांच्या चालीत फरक पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. पीसीबी ही रसायने पाण्यात सहजासहजी नष्ट होत नाहीत. ती लहान जीवांच्या शरीरातून माशांत आणि माशांतून माणसांत साठत जातात. प्रश्न न्यायाधिकरणापुढे गेला आणि बुडविण्याचे काम थांबले.

न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१० मध्ये निर्णय दिला. नौका बुडविण्यास हरकत नाही, परंतु तत्पूर्वी पीसीबी असण्याची शक्यता असलेल्या उरलेल्या तारा, कापडी व उष्णतारोधक आच्छादने आणि पोपडे सुटणारा शिशाचा रंग काढून टाकावा, असे त्यात सांगितले होते. काम एका वर्षाहून अधिक लांबले, खर्च वाढला. तारीख पुढे गेल्याबद्दल नाराजी झाली असेलच. पण रहिवाशांनी विचारलेले प्रश्न निरर्थक नव्हते, हे त्या निर्णयावरूनच दिसते. नौका बुडाल्यानंतरही तळाचा गाळ आणि तिच्यावर वाढणारे जीव यांचे नमुने तपासत राहण्याची जबाबदारी तेथील शासनावर राहिली.

स्वच्छता म्हणजे केवळ झाडलोट नव्हे. प्रथम इंधन व वंगणाच्या टाक्या, नळ आणि यंत्रे रिकामी करून धुवावी लागतात. जहाजाच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी उपसावे लागते. अ‍ॅस्बेस्टॉस, प्लॅस्टिक, बॅटऱ्या, शीतकरणाची द्रव्ये, सुटे सामान, काचा, पाण्यावर तरंगू शकेल अशी प्रत्येक वस्तू काढली जाते. ज्यात पाणबुड्याचा पाय किंवा नळी अडकेल अशा लोंबत्या तारा कापल्या जातात. दारे एक तर काढून टाकतात, नाही तर कायमची बंद करतात. अर्धवट उघडे राहणारे दार सर्वांत वाईट, कारण माणूस आत गेल्यावर ते मागे मिटू शकते. त्यानंतर कडेच्या पत्र्यांत मोठी भोके पाडतात. त्यांतून उजेड आत येतो, पाणी खेळते राहते आणि आत गेलेल्यास बाहेरची वाट दिसते.

या भोकांचा आणखी एक उपयोग असतो. जहाज बुडताना आतील हवा सर्व बाजूंनी सारखी बाहेर पडली पाहिजे. एका दालनात हवा कोंडून राहिली आणि दुसऱ्यात पाणी भरले, तर जहाज कलंडते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात की लार्गोजवळ १७ मे २००२ रोजी 'स्पीगल ग्रोव्ह' या १५५ मीटर लांबीच्या नौकेबाबत तसेच घडले. ठरलेल्या वेळेच्या काही तास आधीच ती आपोआप बुडू लागली, काम करणारी माणसे घाईघाईने उतरली आणि नौका उलटी होऊन तिचे नाक पाण्यावर राहिले. पुढे खर्च करून तिला कुशीवर पाडण्यात आले. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, 'डेनिस' चक्रीवादळाने तिला सरळ उभे केले! माणसांना जे साधले नाही ते वादळाने केले, असे तेथे कौतुकाने सांगितले जाते. परंतु या घटनेचा दुसरा अर्थ असा की हजारो टनांचे धूडही वादळात तळावर स्थिर राहीलच असे नाही.

फ्लोरिडाच्याच फोर्ट लॉडरडेल किनाऱ्यावर याहून मोठी चूक झाली. १९७० नंतरच्या दशकात तेथे सुमारे २० लाख जुने टायर कृत्रिम खडक म्हणून समुद्रात टाकण्यात आले. हेतू चांगला होता, लोकांचा उत्साहही होता. टायरांच्या मोळ्या बांधणारे पट्टे पुढे तुटले, टायर सुटून तळावर लोळू लागले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर घासून त्यांचाच नाश करू लागले. ते बाहेर काढण्यासाठी २००७ पासून लष्करी पाणबुड्यांची मदत घ्यावी लागली. कचऱ्याची विल्हेवाट लावणे हाच मूळ हेतू असेल, तर त्यास 'कृत्रिम खडक' हे नाव देऊन भागत नाही.

पाण्याखाली उतरणारा माणूस

आता पाणबुड्याकडे वळू. 'स्कूबा' हे पाण्याखाली स्वतःबरोबर नेता येणाऱ्या श्वसनसाधनाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून बनलेले नाव होय. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या झडपेमुळे ते व्यवहारात आले. पाठीवरील टाकीत शुद्ध प्राणवायू असतो असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. तीत सामान्यतः आपण श्वासात घेतो तीच हवा प्रचंड दाबाखाली भरलेली असते. पाणबुडा ज्या खोलीवर असेल तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा झडप त्यास देते.

येथेच सर्व धोक्यांचे मूळ आहे. दर १० मीटर खोलीस दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. जी टाकी पृष्ठभागावर एक तास पुरेल, ती तेथे पंधरा मिनिटांत संपते. शाळेत बॉइलचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ३० मीटरवर एक लिटर हवा भरलेला फुगा वर आणला तर त्याचे आकारमान चार लिटर होऊ पाहते. फुगा फुटेल. पाणबुड्याने घाबरून श्वास रोखला आणि तो झपाट्याने वर आला, तर त्याच्या फुफ्फुसाचे तेच होते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखावयाचा नाही, हा स्कूबाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा नत्रवायूचा. वाढत्या दाबाखाली हवेतील नत्रवायू रक्तात व शरीराच्या पेशींत विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. घाईने आला तर सोडावॉटरची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंग लुळे पडू शकते, प्राणही जाऊ शकतो. यासाठी खोली आणि वेळ यांची कोष्टके असतात. एका प्रचलित कोष्टकाप्रमाणे १८ मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, परंतु ३० मीटरवर अवघी २० मिनिटे. शिवाय साधारण ३० मीटरच्या खाली याच नत्रवायूमुळे मद्य घेतल्यासारखी गुंगी येऊ लागते आणि आपला निर्णय चुकत आहे हेही माणसास कळत नाही.

म्हणूनच प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्यास १८ मीटरपर्यंत, पुढील प्रशिक्षणानंतर ३० मीटरपर्यंत आणि मनोरंजनासाठी म्हणून फार तर ४० मीटरपर्यंत, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. बुडविलेले जहाज किती खोल पाण्यात ठेवावयाचे हे ठरविताना ही मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी लागते. फार उथळ ठेवले तर ते वाहतुकीस आड येते आणि लाटांनी मोडते. फार खोल ठेवले तर सामान्य पाणबुड्यास ते पाहताच येत नाही.

जहाज बाहेरून पाहणे आणि त्याच्या आत शिरणे यांत मोठा फरक आहे. बाहेर असताना अडचण आली तर डोक्यावर मोकळे पाणी असते. आत डोक्यावर पत्रा असतो. कालांतराने आतील खोल्यांत पिठासारखा बारीक गाळ साचतो. पायाच्या पंखांचा एक फटकारा चुकीचा बसला की तो उसळतो आणि हातातील विजेरीचा झोतही दिसेनासा होतो. ज्या दारातून आपण आलो ते दोन हातांवर असूनही सापडत नाही. यासाठी आत जाणाऱ्याने बाहेर बांधलेली दोरी उलगडत नेण्याची रीत आहे. हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला संकटासाठी, असा हिशेबही असतो.

नियम ठाऊक असणारेही मरण पावले आहेत. 'स्पीगल ग्रोव्ह'च्या पोटात मार्च २००७ मध्ये तीन पाणबुड्यांचा मृत्यू झाला. 'सिला' नौकेतही असेच प्राण गेले. ती बुडविली तेव्हा पाणबुड्यांसाठी तिच्यात जागोजागी वाटा कापलेल्या होत्या. पण पुढील काळात आत गाळ भरत गेला, पत्रे गंजून खचू लागले आणि आत न शिरण्याचा सल्ला पाणबुड्यांना देण्यात आला. बुडविण्याच्या दिवशी सुरक्षित असलेले जहाज वीस वर्षांनी तसेच राहत नाही. दरवर्षी त्याची तपासणी कोण करील आणि एखादे दार बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी लिहून ठेवलेले असावे लागते.

निवतीजवळील प्रकल्प

भारतीय नौदलाची 'गुलदार' ही पोलंडमध्ये बांधलेली नौका १९८५ मध्ये नौदलात दाखल झाली. सैनिक व रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणे हे तिचे काम. १२ जानेवारी २०२४ रोजी ती निवृत्त झाली. सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ तिचे पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा हा प्रकल्प केंद्र शासनाच्या आर्थिक साहाय्याने हाती घेण्यात आला. तारकर्ली येथे महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था असल्याने कुशल माणसांचा आधार जवळच आहे.

तथापि एक गोष्ट किनाऱ्यावरील नौकामालक, मार्गदर्शक आणि ग्रामपंचायती यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. मालवणला आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटक जे स्कूबा करतात, ते उथळ पाण्यात असते. प्रशिक्षक पर्यटकास धरून खाली नेतो, पोहता न येणारी माणसेही थोडा वेळ मासे पाहून वर येतात. बुडविलेल्या जहाजावर उतरणे हे त्याच धंद्याचे पुढचे पाऊल वाटले, तरी ते काम वेगळे आहे. तेथे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र तपासावे लागेल, वेळेची नोंद ठेवावी लागेल, होडीवर वैद्यकीय प्राणवायू ठेवावा लागेल. बुडबुड्यांची बाधा झालेल्यास पुन्हा दाबाखाली ठेवण्याची विशिष्ट कोठडी लागते. ती सर्वांत जवळ कोठे आहे आणि तेथे किती वेळात पोहोचता येते, हे त्या दिवशी शोधून चालत नाही. हंगामाच्या गर्दीत परत पाठविलेले गिऱ्हाईक तोट्याचे वाटेल, पण परत पाठविण्याची मुभा होडीवरील माणसास असलीच पाहिजे.

कोकणचा समुद्र फ्लोरिडासारखा वर्षभर उघडाही नाही. पावसाळ्यात तो खवळतो, नद्यांचा गाळ पाण्यात मिसळतो आणि पाण्याखाली हातभर अंतरावरचेही दिसणे कठीण होते. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते. म्हणजे उत्पन्नाचे महिने मोजकेच आहेत, पण जहाजाची देखभाल बाराही महिन्यांची आहे.

मच्छीमारांचा प्रश्न वेगळा. जहाजाभोवती जाळे टाकले तर ते पत्र्यात अडकून फाटते, हे त्यांचे नुकसान. अडकलेले जाळे तेथेच राहिले तर त्यात मासे मरत राहतात आणि खाली उतरलेला पाणबुडाही गुंतू शकतो. म्हणून किती परिसरात जाळे टाकावयाचे नाही, याची सीमा रापणकर, गिलनेटवाले आणि ट्रॉलरवाले या सर्वांना बसवून ठरवावी लागते आणि ती पाण्यावर बोयांनी दाखवावी लागते. होड्यांनी जहाजावर नांगर टाकू नयेत म्हणून त्यांना बांधण्यासाठीही कायमचे बोये लागतात. पावसाळ्यापूर्वी हे बोये काढून घेणे, साखळ्यांची झीज तपासणे आणि समुद्र शांत झाल्यावर ते पुन्हा त्याच जागी बसविणे हे काम कोणत्या खात्याच्या कोणत्या तरतुदीतून दरवर्षी होईल, हे प्रकल्पाच्या कागदपत्रांत पाहून घेणे स्थानिक पंचायतींच्या सदस्यांना शक्य आहे.